द सोप्रानोज: आवडते भाग, आणि त्या काळ्या पडद्याचं तुम्ही काय केलंत? (स्पॉयलर भरपूर)

तिरफळ (धागाकर्ता):
‘वाइज गाय’ हा ॲलेक्स गिबनीचा २०२४ चा माहितीपट एकदाचा पाहिला. मालिकेचा कर्ता डेव्हिड चेस तिच्या शेवटच्या प्रसंगाबद्दल बोलायला तोंड उघडतो, आपण सरसावून बसतो, आणि वाक्य अर्धवट असतानाच पडदा काळा. सतरा वर्षांनी गृहस्थाने तीच खोडी पुन्हा काढली. म्हटलं, आता धागा काढायलाच हवा.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: न्यू जर्सीतला माफिया बॉस टोनी सोप्रानो. चक्कर येऊन पडायला लागतो म्हणून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फीकडे जातो. घरात आई, बायको, दोन मुलं, बाहेर टोळी. एचबीओवर १० जानेवारी १९९९ ते १० जून २००७, सहा सीझन, ८६ भाग. टोनी म्हणजे जेम्स गँडॉल्फिनी, बायको कार्मेला म्हणजे ईडी फाल्को.

माझा भाग ‘व्हाइटकॅप्स’, चौथ्या सीझनचा शेवटचा. टोनी समुद्रकाठी घर घ्यायला निघालाय, कार्मेला हरखलीय, आणि त्याच्या जुन्या मैत्रिणीचा फोन थेट कार्मेलालाच येतो. टोनी घरी पोचतो तोवर त्याचे कपडे आणि गोल्फचं सामान खिडकीतून अंगणात. मग जे भांडण होतं त्याला तोड नाही. कोणी शहाणं बोलत नाही. वीस वर्षांची उणीदुणी निघतात, एकाच रागात दोघंही एकदम केविलवाणे आणि एकदम दुष्ट वाटतात. त्या वर्षी दोघांनाही एमी (अमेरिकी टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळालं ते याच भागासाठी.

आणि त्यातलाच तो वकील! घराचा सौदा फिसकटल्यावर अनामत परत द्यायला तयार नाही, तर टोनीची माणसं त्याच्या घरासमोर बोट उभी करून मोठाल्या स्पीकरवर डीन मार्टिन लावतात. इतक्या रडारडीनंतर शेवटी हसवून सोडायचं, हे चेसलाच जमतं.

तर: तुमचा भाग कोणता, आणि शेवटी काय झालं असं तुम्हाला वाटतं? ‘शेवट फालतू होता’ म्हणणाऱ्यांनी दुसरा शेवट सुचवायचा. फुकट शिव्या चालणार नाहीत.

रिकामटेकडा:
रुमाल टाकून ठेवतो. रात्री लिहितो.

मोगरा:
‘कॉलेज’. पहिल्या सीझनचा पाचवा. टोनी मुलीला, मेडोला, घेऊन मेन राज्यात कॉलेजं बघायला गेलेला असतो. वाटेत पेट्रोल पंपावर एक माणूस दिसतो. पूर्वीचा टोळीतला, फितूर होऊन नाव बदलून राहणारा. मुलीची मुलाखत चालू असताना बाप जाऊन त्याचा गळा आवळतो, आणि परत येऊन तिला विचारतो, कसं झालं गं?

एचबीओच्या मालिकांचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस अल्ब्रेक्ट यांनी या खुनाला हरकत घेतली होती. पाचव्याच भागात नायकाने असा स्वतःच्या हातांनी जीव घेतला तर प्रेक्षक तुटतील, अशी भीती. चेसचं म्हणणं उलट होतं: फितूर समोर दिसूनही टोनीने सोडून दिलं तर तो कसला टोनी, तेव्हाच प्रेक्षक तुटतील. आज वाटतं, पुढच्या वीस वर्षांतली सगळी काळ्या मनाची नायकमंडळी त्या एका बैठकीत मंजूर झाली.

मला मात्र गळा आवळण्याइतकाच त्याच रात्रीचा घरचा प्रसंग आवडतो. कार्मेला आणि तो फादर फिल. बाहेर पाऊस, ओव्हनमधला झिटी पास्ता, वाइन, आणि मध्येच पापाची कबुली. नवरा तिकडे खून करतोय, बायको इकडे त्याच्या पैशाच्या सोफ्यावर बसून रडतेय. सोफा सोडत मात्र नाही.

टर्नपाईकवाला:
जर्सीकर हजर! आमच्या एडिसनचं नाव या मालिकेत फारसं निघत नाही याचं दुःख आहे, पण सुरुवातीच्या गाण्यात टोनी लिंकन टनेलमधून बाहेर पडून टर्नपाईकचं तिकीट घेतो तेव्हा ‘हा आपला रस्ता’ असं वाटतंच.

माझा भाग अर्थात ‘पाइन बॅरन्स’. तिसरा सीझन, ६ मे २००१, दिग्दर्शक स्टीव्ह बुशेमी. टोळीतले पॉली आणि ख्रिस्तोफर एका रशियनाला पुरायला बर्फातल्या जंगलात नेतात, तो फावडं घालून निसटतो, डोक्यात गोळी लागूनही पळतो, आणि हे दोघे एका नादुरुस्त व्हॅनमध्ये केचपच्या पुड्या चोखत रात्र काढतात. पॉलीचा बूट गेलेला. फोनला रेंज नाही. टोनी सांगतोय की तो रशियन गृहखात्याचा, म्हणजे ‘इंटीरियर’ मिनिस्ट्रीचा, कमांडो होता, त्याने सोळा चेचेन बंडखोर मारलेत. पॉलीला ऐकू येतं की तो घरं सजवणारा होता आणि त्याने सोळा चेकोस्लोव्हाक मारले. यावर ख्रिस्तोफर काय म्हणतो? की पण त्याचं घर तर किती गचाळ होतं!

आता गंमत. आमचं खरं पाइन बॅरन्स दक्षिण जर्सीत आहे आणि हे चित्रीकरण झालंय न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरिमन पार्कात. इथल्या लोकांना झाडं बघूनच कळतं.

शेंगदाणा:
त्या रशियनाचं पुढे काय झालं??

टर्नपाईकवाला:
@शेंगदाणा, हाच तर मुद्दा. लोक चेसला वर्षानुवर्षं हे विचारत राहिले, त्याने उत्तर दिलं नाही. २००१ सालीच सांगून टाकलं होतं की या मालिकेत सगळ्या गाठी सुटणार नाहीत. २००७ ला टीव्हीसमोर बसून ‘हे काय’ म्हणणाऱ्यांना सहा वर्षांची नोटीस मिळालेली होती.

कोकणस्थ_कावळा:
‘लाँग टर्म पार्किंग’. बाकी काही लिहवत नाही.

बरं, थोडं लिहितो. ख्रिस्तोफरची होणारी बायको एड्रियाना एफबीआयला खबर देत असते, बळजबरीने. शेवटी ख्रिस्तोफरला सांगून टाकते, चल पळून जाऊ. मग टोनीचा फोन येतो: ख्रिस्तोफरने जीव द्यायचा प्रयत्न केलाय, टोळीतला सिल्विओ तुला न्यायला येतोय. मध्येच आपल्याला ती एकटी गाडी चालवत शहराबाहेर जाताना दिसते, बॅग शेजारी. आपण सुस्कारा सोडतो. आणि लगेच कट: ती सिल्विओच्या शेजारच्या सीटवर. गाडी हमरस्ता सोडून झाडीत वळते. ती पाचोळ्यातून रांगत चौकटीबाहेर जाते आणि आपल्याला फक्त आवाज येतो. चेसने ते दाखवलं नाही याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

ड्रेआ डी मॅटेओ आणि मायकल इम्पेरिओली दोघांना त्या वर्षी एमी, आणि उत्कृष्ट नाट्यमालिकेचं एमी पहिल्यांदाच केबल वाहिनीकडे गेलं ते त्याच २००४ साली.

सई_सकाळची:
कावळेदादा, भागाचं नावच किती क्रूर आहे ते बघा. तिची गाडी विमानतळाच्या दीर्घ मुदतीच्या पार्किंगमध्ये सोडून देतात. बस, एवढाच उल्लेख.

कोकणस्थ_कावळा:
हो. आणि ख्रिस्तोफरने तिला का विकलं, तर एका पेट्रोल पंपावर त्याला एक फाटकं कुटुंब दिसतं, तिच्यासोबत पळालो तर आपणही असेच होऊ म्हणून. प्रेमाची किंमत एक जुनी गाडी आणि रडकी पोरं.

रिकामटेकडा:
आलो. मी भागांच्या भानगडीत पडत नाही, थेट शेवटावर येतो. माझ्या मते टोनी मेला, आणि हे अंदाजाचं काम नाही, मांडणीचं आहे. ‘मेड इन अमेरिका’ हा शेवटचा भाग पुन्हा लावा आणि फक्त दारावरची घंटा ऐका.

होल्स्टन्स नावाच्या खानावळीत टोनी बसलाय. ज्यूकबॉक्सवर जर्नी बँडचं गाणं. घंटा वाजते, टोनी मान वर करतो, आणि पुढच्या शॉटमध्ये आपण त्याच्या डोळ्यांनी दार बघतो. घंटा, मान, दार. कोणी अनोळखी बाई येते, कोणी टोपीवाला, मग कार्मेला, मग मुलगा एजे. चेस आपल्याला हे गणित पढवतोय. बाहेर मेडो गाडी लावायला झगडतेय. ‘मेंबर्स ओन्ली’ ब्रँडचं जाकीट घातलेला माणूस उठून प्रसाधनगृहात जातो, ते टोनीच्या उजव्या अंगाला. मेडो पळत रस्ता ओलांडते. घंटा. टोनी मान वर करतो. आता नियमाप्रमाणे टोनीला जे दिसतं ते आपल्याला दिसायला हवं.

आणि दिसतं ते काळं. आवाजही नाही. साधारण दहा सेकंद.

आता मागे जा. त्याच शेवटच्या हप्त्यातला पहिला भाग, ‘सोप्रानो होम मूव्हीज’. तळ्यात बोटीत टोनी आणि त्याचा मेहुणा बॉबी. बॉबी म्हणतो, जेव्हा होतं तेव्हा बहुतेक ऐकूही येत नसेल, नाही? पुढच्याच भागात, ‘स्टेज ५’मध्ये, सिल्विओसमोर जेवणाऱ्या माणसाला गोळी घालतात: आधी सिल्विओच्या तोंडावर रक्त उडतं, आवाज बधिर होतो, काय झालं ते त्याला नंतर कळतं. आणि शेवटून दुसऱ्या भागाच्या अखेरीस टोनी बंदूक छातीशी धरून पलंगावर पडलाय आणि त्याला बॉबीचं तेच वाक्य आठवतं. आठवड्याभरापूर्वी प्रेक्षकाला मुद्दाम आठवण करून दिलीय. अजून काय पत्र लिहून पाठवायचं?

शेंगदाणा:
छान मांडलंत, पण एक प्रश्न. काळं दिसणं म्हणजे टोनीचं मरणं कशावरून? प्रेक्षकाचं मरण का नाही? त्या रात्री लाखो लोकांना वाटलं केबल गेली. मेलो आपण. टोनी बसून कांद्याच्या रिंगा खातोय.

माझं मत: त्याला मारणारा होता की नाही याने फरक पडत नाही. वकिलाने आधीच सांगितलंय की आरोपपत्र जवळजवळ नक्की आहे. टोळीतला कार्लो फितूर झालाय. सिल्विओ कोमात, बॉबी गेला, ख्रिस्तोफरला तर स्वतःच नाक दाबून मारलं. जन्मभर प्रत्येक घंटेला मान वर करून बघायची, हीच शिक्षा. गोळी म्हणजे सुटका झाली असती.

मोगरा:
@शेंगदाणा, ही ‘जन्मभर भीती’वाली थिअरी ऐकायला भारदस्त आहे, पण त्या प्रसंगात टोनी घाबरलेला दिसतो का? मला तर तो निवांत दिसतो. मेनू बघतो, गाणं निवडतो. भीती आपल्याला वाटते, कॅमेरा आपल्याला घाबरवतो. टोनी बेसावध आहे म्हणूनच बॉबीचं वाक्य लागू पडतं.

शेंगदाणा:
हा मुद्दा घेतला. तरी माझी केबल गेलीच होती. :)

सई_सकाळची:
चेस काय म्हणालाय तेही नोंदवून ठेवते, कारण दर वेळी कोणीतरी ‘त्याने स्वतः कबूल केलंय’ म्हणतं आणि कोणीतरी ‘नाकारलंय’ म्हणतं. दोन्ही खरं आहे! २०१४ मध्ये एका लेखात आलं की टोनी मेला नाही असं चेस म्हणाले. लगेच त्यांच्या बाजूने खुलासा आला की शब्दांचा विपर्यास झालाय. २०१९ च्या एका पुस्तकातल्या मुलाखतीत त्यांच्या तोंडून ‘मृत्यूचा प्रसंग’ असे शब्द निसटले. आणि २०२१ मध्ये सांगितलं की मूळ कल्पना वेगळीच होती: टोनी जर्सीतून लिंकन टनेलमार्गे मॅनहॅटनला बैठकीला जातो आणि तिथे त्याचं काही बरं होत नाही. पुढे कॅलिफोर्नियात गाडीतून जाताना एक छोटंसं खानावळीसारखं ठिकाण दिसलं आणि वाटलं, टोनीचं व्हायचं ते अशाच जागी व्हावं.

टर्नपाईकवाला:
बोगद्याची कल्पना केवढी भारी होती! सुरुवातीचं गाणं बरोब्बर उलटं. ८६ भाग तो न्यूयॉर्ककडून घरी येतो, शेवटी घराकडून न्यूयॉर्कला. पण माझ्या मते फारच बेतीव झालं असतं. होल्स्टन्सच बरं.

होल्स्टन्स म्हणजे ब्लूमफील्डमधलं साधं आइस्क्रीम आणि चॉकलेटचं जुनं दुकान. आमच्याकडून पार्कवेने वर जायचं. भारतातून पाहुणे आले की स्वातंत्र्यदेवी, मग ओक ट्री रोडवर साड्या-किराणा, आणि त्यातला एखादा सोप्रानोजवाला निघाला तर होल्स्टन्स. सासूबाईंना नेलं होतं. रिंगा खाऊन म्हणाल्या, भजीच की ही, पण डाळीचं पीठ विसरलेत. त्या बाकाला मात्र आता हात लावता येत नाही. २०२४ मध्ये मूळ बाक-टेबलाचा लिलाव झाला, ८२,६०० डॉलर! नवीन बसवलेत, दिसायला तसेच. टोळीचा अड्डा असलेलं सॅट्रिआलेचं डुकराच्या मांसाचं दुकान होतं ती कर्नीतली इमारत तर मालिका संपली त्याच वर्षी पाडली.

चहाटळ:
सासूबाईंना डेव्हिड चेसपेक्षा जास्त कळतं.

मला सांगा, मारलं कोणी? न्यूयॉर्कवाल्यांशी तर समझोता झाला होता. त्यांच्या बॉसला, फिल लिओटार्डोला, त्याच्याच माणसांनी सोडलं, म्हणून तर त्याचं डोकं गाडीखाली आलं. मग हा जाकीटवाला कोणाचा?

रिकामटेकडा:
@चहाटळ, २००७ मध्ये आंतरजालावर अफवा होती की तो फिलचा पुतण्या, आधीच्या सीझनमध्ये दिसलेला. साफ खोटं. श्रेयनामावलीत त्याचं नाव फक्त ‘मेंबर्स ओन्ली जाकीटातला माणूस’ असं आहे. त्याच नावाचा भाग सहाव्या सीझनची सुरुवात आहे. त्यात टोनीने निवृत्ती नाकारली म्हणून टोळीतला युजीन फास लावून घेतो आणि शेवटी अंकल ज्युनिअर टोनीलाच गोळी घालतो. मला वाटतं तो कोणाचाही नाही. टोनीने ज्यांचं वाटोळं केलं त्या सगळ्यांचा.

चहाटळ:
‘सगळ्यांचा’ म्हणजे लेखकाने गृहपाठ केला नाही. माझा संशय टोळीतल्याच पॅट्सी पॅरिसीवर. त्याचा जुळा भाऊ टोनीच्या हुकुमावरून मारला गेला. तिसऱ्या सीझनमध्ये दारूच्या नशेत हाच पॅट्सी पिस्तूल घेऊन टोनीच्या परसात उभा होता, नेम धरला, मग पोहण्याच्या तलावात लघवी करून निघून गेला. आणि शेवटी? टोळीतले बहुतेक सगळे मेले किंवा आडवे, हा धडधाकट. मुलाचं लग्न मेडोशी ठरतंय. म्हणजे भावाचा सूड, वर खुर्ची, वर सोयरीक.

कोकणस्थ_कावळा:
विहिणीच्या मांडवात खून! पटत नाही, पण कथा म्हणून झकास. एक अडचण: मुलाची होणारी बायको तिथेच येणार आहे हे पॅट्सीला माहीत असणार. तिच्यासमोर?

चहाटळ:
ती वेळेवर येणार होती हे कुठे माहीत होतं? डॉक्टरकडे गेली म्हणून उशीर झाला. आणि गाडी लावता येत नाही म्हणून आणखी उशीर.

सई_सकाळची:
‘मारलं कोणी’ याच्यापेक्षा मला ‘सोडलं कोणी’ महत्त्वाचं वाटतं. माझा भाग ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’. मेल्फीवर पार्किंगच्या जिन्यात बलात्कार होतो. गुन्हेगार पकडला जातो, आणि पुराव्याच्या हाताळणीतल्या घोळामुळे सुटतो. तिला ठाऊक आहे की समोर बसणाऱ्या या रुग्णाला एक वाक्य सांगितलं तर त्या माणसाचं काय होईल. शेवटच्या प्रसंगात ती रडते, टोनी कासावीस होऊन विचारतो, काही सांगायचंय का? ती म्हणते, नाही. आणि भाग संपतो.

इतकी वर्षं ‘नाही’वर टिकून राहिलेली ही बाई शेवटी त्याला दाराबाहेर काढते. एका पार्टीत तिला ऐकवतात की अशा माणसांना उपचाराने सुधारणा होत नाही, उलट ती जास्त तरबेज होतात. ती संशोधन वाचते आणि पुढच्या भेटीत दार लावून घेते. निमित्त काय, तर त्याने तिच्या प्रतीक्षालयातल्या मासिकातलं स्टेकच्या पाककृतीचं पान फाडून नेलं! मला तोच मालिकेचा खरा शेवट वाटतो. पुढे होल्स्टन्समध्ये गोळी सुटो न सुटो.

मोगरा:
+१. फक्त मेल्फी तिथे फार तुसडेपणाने वागते, हे मला कधी पटलं नाही. सात वर्षांपासूनचा रुग्ण, मुलाने नुकताच जीव द्यायचा प्रयत्न केलाय, आणि तेव्हाच हिला शास्त्र आठवतं?

सई_सकाळची:
शास्त्र तिला आधीही माहीत होतं. चारचौघांत लाज निघाली तेव्हा आठवलं. म्हणूनच तो प्रसंग खरा आहे.

तिरफळ (धागाकर्ता):
सगळं वाचून काढलं, धमाल. एक गोष्ट कोणीच काढली नाही म्हणून मी काढतो. होल्स्टन्समध्ये एजे कामाच्या कटकटी सांगताना बापाला म्हणतो, तुम्हीच म्हणाला होतात ना, चांगले क्षण आठवावेत? टोनी विचारतो, मी असं म्हणालो?

म्हणाला होता. पहिल्या सीझनच्या शेवटी, वादळी रात्री, वीज गेलेली, आर्टीच्या हॉटेलात मेणबत्त्या लावून चौघं जेवत असतात तेव्हा. पोरांनो, तुमचं कुटुंब होईल तेव्हा असे छोटे क्षण आठवतील, असं काहीसं. आठ वर्षं पोराने ते जपून ठेवलंय. तेही एजेने, ज्याला आपण सगळ्यांनी बिनकामाचा ठरवलं होतं. आणि बाप विसरलाय.

म्हणून मी रिकामटेकडा यांच्या बाजूने आहे, पण थोड्या वेगळ्या कारणाने. चेसने हीच चौकट दोनदा लावली: बाहेर धोका, आत चौघांचं जेवण. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी चौथी खुर्ची रिकामी आहे. टोनी मेला असेल तर मुलीला दारात बघता बघता, तोंडात घास असताना, आपण काय बोललो होतो ते विसरलेला असा मेला. आणि जगला असेल तरी विसरलेलाच.

शेंगदाणा:
तिरफळ राव, हे बाकी भारी काढलंत. पहिल्या सीझनचा शेवट आज रात्री लावतो.

पुणेरी_पाव:
मी दुसऱ्या सीझनवर आहे, अर्धा धागा डोळे मिटून खाली ढकलला. कोण मेलं ते वाचलेलं नाही, शप्पथ. एकच विचारायचंय: तो टोनीच्या लहानपणावरचा २०२१ चा सिनेमा, ‘द मेनी सेंट्स ऑफ न्यूअर्क’, आधी बघून घेऊ का? कथा आधीची आहे ना?

टर्नपाईकवाला:
अजिबात नको! सुरुवातीलाच स्मशानातून एक आवाज बोलायला लागतो आणि तो कोणाचा, कोणामुळे तिथे पोचला, हे सगळं फुटतं. आधी ८६ भाग. सिनेमा नाही पाहिला तरी फार बिघडत नाही. आणि तुम्ही दुसऱ्या सीझनवर म्हणजे शेवटचा भाग यायचाय अजून, मासळी बाजारातला बोलणारा मासा. तो बघून झाला की या इथे, माशावर वेगळा धागा काढू.